तिच्या नावावरचा फ्लॅट

मोठ्यांनी पुढे केलेला कागद वाचत बसायचा नसतो, सही करून मोकळं व्हायचं, याच वळणात मी वाढले. म्हणून मुलीला अठरा पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात पुण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा मी माझ्याबरोबर तिचंही नाव घातलं. माझ्यामागे कटकट नको! रजिस्ट्रेशनच्या कचेरीत ती फोन बघत बसली होती. "कर गं सही, आईच सांगतेय ना?" म्हटलं. तिने केली.

आठ वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या डब्लिनच्या आमच्या किचनमध्ये तिने विचारलं, "आई, इंडियात माझ्या नावावर काही आहे का?" सरकारी प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती, पण सिक्युरिटी क्लिअरन्स मिळाला तरच नोकरी. त्याच्या फॉर्मात परदेशातली गुंतवणूक, घरदार, सगळं लिहायचं असतं. मी पोळ्या लाटत होते. "तुझ्या? छे गं! ते सगळं आमचं." आणि देवाशपथ, मला तसंच वाटत होतं. नाव तिचं असलं म्हणून काय झालं, फ्लॅट माझा!

तिने फॉर्म पाठवून दिला. दोन दिवसांनी धाकट्या भावाने पुण्याहून सोसायटीची पावती पाठवली. वर आम्हा दोघींची नावं. मी पावती तीनदा वाचली.

चार दिवस मी गप्प. नवरा म्हणाला, "कोण जातंय पुण्यात बघायला?" भाऊ म्हणाला, "ताई, मागच्या तारखेचा कागद करून तिचं नाव काढू. कचेरीत आपला माणूस आहे." मलाही ते पटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू! पण पोरगी नव्या नोकरीच्या गावात घरं शोधत होती, हसत होती. पाचव्या दिवशी ते बघवेना. सांगून टाकलं, मामाच्या उपायासकट.

ती पांढरीफटक पडली. "आई, फ्लॅट असणं इज फाइन! त्यावरून मला कोणी प्रेशर करू शकतं का, ते बघतात. पण लपवलं तर संपलंच." आणि उभ्या उभ्या तिने क्लिअरन्सच्या तपास अधिकाऱ्याला फोन लावला. माझ्या फॉर्ममध्ये चूक आहे, म्हणाली. फ्लॅटच्या कागदावर सही माझी आहे, मी वाचायला हवं होतं, म्हणाली. पण "आईने करायला लावली" असं एकदाही तोंडातून निघालं नाही. सव्वीस वर्षांच्या पोरीत ही धमक आली कुठून? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

मग त्या अधिकाऱ्यासमोर तिची मुलाखत झाली, आणि पुढे कित्येक महिने सगळं टांगणीला. मी घरातल्यांवर उगाच खेकसत होते. ती मात्र शांत.

क्लिअरन्स आला त्या दिवशी मी शिरा केला. तिच्यासमोर बशी ठेवत विचारलं, "मुलाखतीत माझा विषय निघाला का गं?"

"हो. आईला कधी कळलं, असं विचारलं."

"मग?"

"सांगितलं. मला सांगायच्या फोर डेज आधी."

"अगं, सख्ख्या आईचं सांगितलंस?"

"आई, त्यांनी विचारलं." आणि तिने शिऱ्याचा दुसरा घास घेतला.

असा राग आला म्हणता! तणतणतच उठले, मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि तिची दृष्ट काढली.