गुडघ्यांवरून उठताना

मुलांनो, मागच्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एका सकाळी तुमची आजी दोन तास जमिनीवर होती. हे तुमच्या बाबांना माहीत आहे, तुम्हाला नाही. बाबा कधीतरी सांगतील, पण घाईत सांगतील आणि अर्धं गाळतील, म्हणून मी क्रमानं लिहून ठेवते आहे. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मी प्रार्थना कधी इंग्रजीत केली नाही, आणि जे झालं ते प्रार्थनेतच झालं. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

गुडघे टेकून प्रार्थना करायची सवय मला माहेरची. सोनईला आमच्या घरी सारवलेल्या जमिनीवर आम्ही भावंडं ओळीनं गुडघे टेकायचो, आणि वडिलांची प्रार्थना लांबली की एकमेकांना कोपर मारायचो. लग्नानंतर नगरला आले, तर तुमच्या आजोबांकडेही तीच पद्धत. रोज सकाळी आम्ही दोघं पलंगाशी शेजारी शेजारी गुडघे टेकत असू. आमेन म्हटलं की ते आधी उठायचे आणि हात पुढे करायचे. तो धरून मी उठायचे. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी चहा गाळावा आणि मी कप मांडावेत, तसंच ते.

ते गेल्यावर मी पलंगाची कड धरून उठू लागले. पलंग जुना सागवानी, उंच, चार माणसांना हलणार नाही असा. पण मला पसारा चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रोज सकाळी बघावं तर एका बाजूची चादर जशीच्या तशी, एक सुरकुती नाही. एका माणसाला एवढा पलंग कशाला, म्हणून मी तो चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीसाठी देऊन टाकला आणि स्वतःसाठी लोखंडी, हलका, खाली चाकं असलेला घेतला. झाडायला सोयीचा. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही स्वतःचं केलं.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी प्रार्थना संपवून मी पलंगावर जोर दिला आणि पलंग शांतपणे भिंतीकडे निघून गेला. मी हातांवर पडले, मग कुशीवर. मोडलं काहीच नाही. नुसतं उठता येईना. मांड्यांत बळच नव्हतं. मी पुन्हा गुडघ्यांवर आले, पुन्हा बसले, भिंतीला धरून पाहिलं. भिंतीला धरण्यासारखं काही नसतं. थोड्या वेळानं तुम्ही वाढदिवसाला पाठवलेलं घड्याळ मनगटावर थरथरलं. त्यावर अक्षरं आली होती, की फार वेळ बसला आहात, उठा आणि थोडं चाला. मला हसू आलं. मोठ्यानं हसले मी, आणि घरात तो आवाज इतका परका वाटला की लगेच थांबले.

मग बेल वाजली. आमच्या कामाच्या मावशी आल्या होत्या. दाराला आतून कडी. त्यांनी पाच-सहा वेळा बेल दाबली, "बाई, ओ बाई" अशा हाका मारल्या. मी ओ दिली असती तर त्यांना ऐकू गेलं असतं. मी दिली नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. तुमच्या आजोबांना माती दिल्यानंतरच्या आठवड्यात तुमचे बाबा तुमच्याकडे परदेशी परत जायला निघाले, तेव्हा दारात उभं राहून मला म्हणाले होते, "आई, तू म्हणतेस तर राहा इथे. पण एकदा जरी पडलीस ना, तर मग मी तुझं काही ऐकणार नाही. घर बंद करायचं आणि तिकडे यायचं." रागानं नाही, रडत म्हणाले होते. शेजाऱ्यांकडे त्यांनी आपला नंबर देऊन ठेवला होता. मी हाक मारली असती तर मावशी शेजारी गेल्या असत्या, दार तोडलं असतं, आणि दुपारपर्यंत तिकडे फोन गेला असता. म्हणून मी तोंडावर हात ठेवून पडून राहिले. मावशींच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. इतकं एकटं मला तुमच्या आजोबांना माती दिली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर भरलेलं होतं.

शेवटी बसल्या बसल्या सरकत मी बाहेरच्या खोलीत गेले आणि जड सोफ्याला धरून चढले. घड्याळात बघितलं तर दोन तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पिशवी ठेवण्याआधीच विचारलं, "काल कुठं गेल्ता? बेल दाबून दाबून बोट दुखलं माजं."

"चर्चला," मी म्हटलं.

"अनवानी?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"चपला दारात हुत्या की. दोन्ही जोड." मग त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं. "पडला व्हय?"

"पडले नाही. उठता आलं नाही."

"मंग तेच की."

"तेच नाही," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. मावशींनी पदर तोंडाला लावला.

"लई शिकल्यात तुमी, बाई. पन उठता येत न्हाई."

मी त्यांना शपथ घातली नाही, आमच्यात घालत नाहीत. नुसती विनंती केली की शेजारी बोलू नका. त्या म्हणाल्या, "न्हाई बोलत. पन पुन्यांदा कडी लावून पडू नका."

त्याच आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. मी गुडघे टेकले नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. जाताना म्हणाले, "बाई, खुर्चीत बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो." ऐकतो, मला माहीत आहे. मी तीन आठवडे खुर्चीत बसून करून पाहिली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर वाट बघत बसल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर प्रश्न प्रार्थनेपुरता नव्हताच. मी न्हाणीघरात पडले असते किंवा गॅसजवळ, तरी उठू शकले नसते. जिला जमिनीवरून उठता येत नाही तिनं एकटीनं राहावं का, हा प्रश्न तुमच्या बाबांनी विचारायच्या आधी मीच स्वतःला विचारत होते, आणि उत्तर मला आवडत नव्हतं.

संडे स्कूलमध्ये मी कितीतरी मुलांना शिकवलं की आपलं शरीर हे देवाचं मंदिर आहे. शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर विडी असायची, दारू असायची, तंबाखू असायची. मांडी कधी आली नाही. रिक्षा दारात बोलावून दारात उतरणारी मी, चर्चनंतरच्या चहाबरोबर दोन-तीन बिस्किटं सहज खाणारी मी; मला वाटायचं मंदिर ठीक आहे. त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं तेव्हा शुगर निघाली. ते म्हणाले, वजन गुडघ्यांवर येतंय आणि पायांचे स्नायू वापरलेच जात नाहीयेत. किती वर्षांपासून, ते मला माहीत होतं. तुमच्या आजोबांनी हात पुढे करायला सुरुवात केली तेव्हापासून. मी चाळीसहून अधिक वर्षं स्वतःच्या पायांनी उठलेच नव्हते.

शुगर तुमच्या आजोबांनाही होती. आपल्यात कॉटेज मीटिंग असते ना, दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि नंतर ताटली. त्या ताटलीतला शिरा ते कधी नाकारत नसत. प्रार्थनेच्या घरचं नाही म्हणू नये, असं आम्ही मानायचो. ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे, घ्या म्हणून. त्याबद्दल कुणी मला कधी काही बोललं नाही. मी मात्र स्वतःला बोलते.

आता मी नाही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्या घरच्या बाई हिरमुसल्या. "प्रार्थनेचा आहे, बाई. थोडा तरी?" मी म्हटलं, "प्रार्थनेसाठीच नको म्हणते आहे." त्यांना ते कळलं नाही. त्यांनी शिरा डब्यात भरून दिला. तो मी दुसऱ्या दिवशी मावशींना दिला आणि तिथूनच पुढची गोष्ट सुरू झाली.

मावशी पाथर्डीकडच्या. लग्नानंतर दहा-बारा वर्षं त्या ऊसतोडीला जात. शिरा खाता खाता मला विचारलं, "बाई, तुमी उठताना दोन्ही पाय बरुबर का उचलता?"

"मग कसे उचलू?"

त्या खाली बसल्या. "आमी वाढ्याचा भारा बांदायचो. वाढं म्हंजी उसाचं हिरवं शेंडं, जनावरास्नी. मानूस आसलं तर डोक्यावर ठेवू लागायचं. नसलं कुनी, तर असं." त्यांनी भाऱ्यासमोर टेकावेत तसे गुडघे टेकले, हवेतला भारा डोक्यावर घेतला, एक पाऊल पुढे रोवलं, त्याच गुडघ्यावर हात दाबला, दम घेतला आणि उठल्या. "हात कुनाचा मागायचा न्हाई. आपल्याच गुडघ्याचा घ्यायचा."

मी गुडघे टेकले. पाऊल पुढे घेतलं आणि कलंडले. मावशींनी धरलं.

"ऊस पडला," त्या म्हणाल्या.

रोज भांडी झाली की आमचा हा वर्ग असे. मी चटई अंथरायचे. त्या शेजारी उभ्या राहायच्या, पण हात द्यायच्या नाहीत. "देवाचं नाव घ्या आन उठा." मी देवाचं नाव घ्यायचे आणि उठायचे नाही. "तुमचा देव बी वर बघतोय आन म्हनतोय, ह्या बाईला कंदी जमायचं?" सकाळी मी चालायला लागले. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग शाळेच्या मैदानाला एक फेरी, मग दोन. चालताना बोलायला कुणी नसतं. म्हणून मी चालता चालता एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते: मैदानाच्या पूर्वेला तुम्ही दोघं, पश्चिमेला तुमचे आई-बाबा, फाटकाशी आलं की मावशी. आजोबांसाठी काय मागायचं ते कळत नाही, म्हणून त्यांचं नाव घेऊन नुसती चालते.

ईस्टर झाला तरी जमलं नाही. आंबे आले, मी फोडी मोजून खाल्ल्या. आंबे संपत आले तेव्हा एका सकाळी, मावशी यायच्या आधी, मी पलंगापासून मुद्दाम लांब, खोलीच्या मधोमध गुडघे टेकले. आमेन म्हटलं. आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला. कुणीतरी धरील म्हणून. बघा, इतके महिने शिकूनही हाताला ते कळलं नव्हतं. मी तो खाली आणला, पाऊल पुढे रोवलं, हात स्वतःच्या गुडघ्यावर दाबला आणि उठले.

आनंद झाला का? झाला. पण सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी उभ्या उभ्याच थोडं रडले.

त्या रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला. तुम्ही दोघं झोपला होता. मी फोन पुस्तकांच्या कपाटाला टेकवून ठेवला.

"आई, कुठे गेलीस? नुसतं छत दिसतंय."

"थांब. आता दिसते का?"

"दिसतेस. काय करतेयस?"

मी गुडघे टेकले, उठले. मग खुर्चीत बसून सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं त्याच क्रमानं.

ते फोनच्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, "दोन तास?"

"हो."

"बेल ऐकू आली होती तुला?"

"आली होती."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुला कळलं असतं म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "मी इतका वाईट आहे का गं?"

"वाईट नाहीस रे. लांब आहेस."

नंतर ते म्हणाले, "परत करून दाखव." मी परत करून दाखवलं. "अजून एकदा." मी तिसऱ्यांदाही उठले, थोडी धापा टाकत. मग त्यांनी अट घातली: आतली कडी काढून टाकायची, एक किल्ली मावशींकडे, आणि अडकलीस तर हाक मारायची. घर ठेवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असंही म्हणाले. मी कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून कडी काढली. दारावर तिची चार भोकं तेवढी राहिली आहेत.

तर सकाळी सहा वाजता आजी फोन का उचलत नाही, हे आता तुम्हाला कळलं. मी तेव्हा खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर असते. हात अजूनही रोज आधी वर जातो. मी त्याला जाऊ देते, क्षणभर थांबते, मग गुडघ्यावर आणते.