दुसरी सीडी

माझे चुलते उरवड्याच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांना कमी खर्चात काढलेल्या भुताच्या सिनेमांच्या जुन्या सीडी जमवायचा नाद आहे. हे सिनेमे चांगले की वाईट, मला नीट सांगता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली, म्हणून एका रविवारी त्यांनी त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा लॅपटॉपवर उतरवून ठेवायला माझ्या हातात दिला. तो आता कुठेच मिळत नाही आणि आमच्या मुळशीतल्या पावसाच्या ओलीने त्याच्या दोन्ही सीडींना बुरशी धरली होती.

पहिली सीडी लॅपटॉपवर उतरली. दुसरी काही केल्या चालेना.

"काका, ही गेली," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी सीडी घेऊन शर्टाला पुसली. "हिच्यातच भुताचा मुखवटा सुटतोय बघ. तरी गडी जीव तोडून वरडतोय. म्हणून तर लई आवडतो मला."

"मग शेवट काय होतो?"

ते उठले आणि त्यांनी मध्यंतरापासून शेवटापर्यंत सगळं करून दाखवलं. भूतही तेच, पळणारी नायिकाही तेच. चुलती दारातून म्हणाली, "हळू पळा, कंबर धरंल."

मी ते मोबाइलवर घेतलं आणि पहिल्या भागाला जोडलं. सिनेमा आता पूर्ण आहे. मध्यंतरानंतर नायिकेला मिशा आहेत, पण चुलते अगदी मन लावून बघतात.