पाचच शेक

मशीनच्या टेबलावर झोपण्याआधी काका बोटांच्या पेरांनी त्यावर दोनदा टकटक करायचे. कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "पक्कं आहे. चालते." कळमन्याच्या बाजारात टरबुजं वाजवून निवडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, फळ न कापता आतलं सांगणारी. छातीतल्या गाठीचं मात्र त्यांना थुंकीत रक्त आल्यावरच कळलं.

मी नागपुरातल्या एका दवाखान्यात रेडिएशनचं मशीन चालवते. पेशंट त्या उपचाराला शेक म्हणतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी काकांना तीस शेक लिहून दिले होते. रोज थोडी मात्रा, आठवड्याचे पाच दिवस.

"तीस? एकदाच भारी देऊन टाक नं वं पोरी."

"एकदम दिला तर गाठीबरोबर तुम्हीही भाजाल, काका."

ते खूप हसले. हसण्याचा खोकला झाला. काकू त्यांची पाठ चोळत राहिल्या.

बारा शेकांत खोकला थांबला. तेराव्या दिवशी काका आलेच नाहीत. मी फोन लावला. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"खोकला गेला नं वं, मंग काहून येऊ? टरबुजाच्या गाड्या येऊन राहिल्या."

"काका, गाठ गेली नाही. मध्ये खंड पडला की ती पुन्हा जोर धरते."

"एवढा सीझन होऊ दे, येतो."

मी आणखी दोनदा फोन केला. मग त्यांची सव्वादहाची वेळ दुसऱ्याला दिली. ते अजून मनात टोचतं.

महिनाभरानं काकू आणि मोठा मुलगा त्यांना घेऊन आले. काका कमरेवर हात दाबून चालत होते. तपासणीत कळलं, रोग मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि नवा कागद लिहिला. पाच शेक.

"पाचच!" काका रांगेतल्या लोकांना सांगत सुटले. "मले ठाऊकच होतं, तीस लागतच नाही."

आमच्या कामात हा आकडा वाचता येतो. काकांचे आधीचे तीस शेक गाठ जाळण्यासाठी होते. हे पाच फक्त दुखणं कमी करण्यासाठी.

काकूंनी मला दाराशी गाठलं. मुलानं त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"अठरा बाकी होते नं वं? मंग पाचच काहून?"

"काकू... डॉक्टरांना विचारा."

त्यांनी रांगेत हसणाऱ्या काकांकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "समजलं. तुह्या काकाले नको सांगू."

पाचही दिवस त्या काकांबरोबर हसतमुखानं आल्या.

पावसाळ्यात मुलाचा फोन आला. काका गेले होते.

प्रत्येक पेशंटसाठी आम्ही बारीक मण्यांची एक गादी बनवतो. माणसाला तिच्यावर झोपवून हवा काढली की ती त्याच्या पाठीच्या आकारात घट्ट होते. काकांची फळीवर तशीच होती. डावा खांदा जरा खोल उमटलेला. बाहेर त्याच गादीसाठी नवा पेशंट बसला होता. मी गादीची झडप उघडली. हवा आत शिरली आणि ते दोन्ही खांदे हळूहळू सपाट झाले.