आमच्याकडे बारावी आहे

मुलगी बारावीत गेली तेव्हा आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. समोरच्यांचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला होता आणि त्याच्या आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मलाही तसंच हवेत चालायचं होतं, तेही लेकीच्या मार्कांवर.

मी केबल काढून टाकली, टीव्हीवर चादर घातली. कुकर ती क्लासला गेली की लावायचा. हळदीकुंकू रद्द. कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, "यंदा आमच्याकडे बारावी आहे." यांनी एकदा बातम्यांसाठी रेडिओ लावला, तर मी असं बघितलं की त्यांनी तो मुकाट्याने बंद केला. रविवारी तिची मैत्रीण सायकल घेऊन यायची. तिला मी दारातूनच म्हणाले, "परीक्षा झाली की ये हो." ती पुन्हा आली नाही. मुलीने चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, शहाणी आहे.

दिवाळीनंतर ती नीट जेवेना, सारखी पडून राहायला लागली. मी म्हटलं, "आळस झटक जरा."

पूर्वपरीक्षेत मार्क घसरले. मी रागावले नाही, नुसती तोंड फुगवून पोळ्या लाटत राहिले. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, मी नसले ना, की तुम्हाला टीव्ही लावता येईल."

"नसले म्हणजे?"

"मला जगायचंच नाहीये."

त्याच दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरी कुणाशी बोलतेस?" ती म्हणाली, "कुणाशीच नाही. सगळे माझ्यासाठी गप्प असतात." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

औषधं, डॉक्टरांशी बोलणं, असं बरेच महिने चाललं. परीक्षा पुढच्या वर्षावर गेली, आभाळ काही कोसळलं नाही. हे कळायला मला लेक जवळजवळ गमवावी लागली, याची लाज अजून जात नाही.

आता ती हिंजवडीला नोकरी करते. तिची मुलगी यंदा दहावीत आहे. परवा त्यांच्याकडे गेले, तर नात आत अभ्यासाला बसलेली आणि बाहेर टीव्ही जोरात. माझा हात आपसूक रिमोटकडे गेला.

स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "आई, आवाज असू दे."

मी असू दिला.