अर्लसाहेबांचं कुटुंब

डब्लिनमधले आमचे शेजारी काका रिटायर झाल्यापासून दर रविवारी म्युझियममध्ये हौसेनं गाईडचं काम करतात. अंगात ब्लेझर, छातीवर बिल्ला आणि मुक्काम एकाच चित्रासमोर. चारशे वर्षांपूर्वीचा कुणी इंग्लिश अर्ल, म्हणजे बडा सरदार, त्याची बायको आणि मुलं. "आमचे अर्लसाहेब" म्हणतात त्याला, जशी काही सोयरीकच झालीये! डोंबलाचे अर्लसाहेब!

घरी पाहुणे आले की मीच त्यांना तिथे नेते, त्यामुळे काकांचं भाषण मला पाठ झालंय. कडेची पांढऱ्या कपड्यांतली दोन मुलं चित्र काढायच्या आधीच वारली होती. तरी अर्लनं चित्रकाराला सांगून त्यांनाही भावंडांत उभं करवलं. "फॅमिली इज फॅमिली!" म्हणताना काकांचा आवाज कापतो. बायका डोळे पुसतात. मीही एकदा पुसलेत.

गेल्या रविवारी त्या घोळक्यात त्यांची मुलगी आली, कडेवर बाळ घेऊन. तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून काकांनी तिला दार बंद केलंय. नातवाचं तोंडही पाहिलेलं नाही. बाळानं चित्राकडे हात नेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

काकांनी बिल्ला सरळ केला. "मॅडम, प्लीज स्टेप बॅक."

ती मागे सरकली. काकांनी त्या दोन मेलेल्या मुलांकडे बोट दाखवलं, आणि त्यांचा आवाज नेहमीच्याच जागी कापला.