निळीचं पाणी

बोरीवलीतल्या आमच्या हॉलची लादी ओल येऊन उचलली होती. पाणी शेजाऱ्याच्या मोरीतून येतं, हे मी ठरवून टाकलं होतं आणि दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हतो.

लादीवाला आला. नाव मी विचारलं नाही. त्याने कानामागची पेन्सिल दुसऱ्या कानामागे खोचली आणि मोकळा कान जमिनीला लावून थापीच्या दांड्याने ठोकत राहिला.

मी म्हटलं, "वरून नवी लादी चिकटव आणि मोकळा हो."

"काका, खालचा कोबा भुसभुशीत झालाय. तो खणायचा, सुकवायचा, मग लादी. आधी पाणी कुठून येतं ते बघू."

"शेजारून येतं, म्हणून तर दोन वर्षं बोलत नाही त्याच्याशी. चौथी शिकलोय, पण एवढं कळतं मला."

तो वाद घालत बसला नाही. हॉलमध्ये खड्डा खणला आणि आमच्याच मोरीत बादलीभर निळीचं पाणी ओतलं. तासाभरात खड्डा निळा झाला. मोरीचा पाइप मीच बसवला होता, प्लंबरला हाकलून.

"शेजाऱ्याशी अबोला धरून लादी सुकत नाही, काका," तो म्हणाला आणि पेन्सिल परत पहिल्या कानामागे गेली.

संध्याकाळी शेजारी जिन्यात भेटला. मी म्हटलं, "लादीचं काम काढलंय, आवाज होईल."

माफी त्यातच आली, असं मी धरून चाललोय.