पाचव्यांदा म्हटलं नाही

"पुन्हा म्हण," सर म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. वर्ग पुन्हा हसला.

शहापूरच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. पडद्यावर पाच बटणं. सरांनीच पायथनमध्ये लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा, लिहून बनवलेली. पहिलं दाबलं की एक यायला हवा, दुसरं दाबलं की दोन. पण कुठलंही दाबा, पाचच येत होता.

"का?" सरांनी विचारलं होतं. कुणालाच येईना. मला येत होतं.

शेणवे गावाच्या वर आमचा पाडा आहे. तिथं बाया एकाच कातळावर मोहाची फुलं वाळत घालतात. प्रत्येकीच्या ढिगावर तिची वेगळी खूण. कुणाची काटकी, कुणाचा खडा. इथं पाच बटणांत मिळून एकच खूण होती. लूप फिरला तशी ती सरकत गेली आणि शेवटच्या ढिगावर थांबली. कुठलंही बटण दाबा, ते तिथंच जाऊन बघणार.

मी उठून तेच सांगितलं. "सर, खूण एकच हाय. सगल्यांनी तीच धरली. ती शेवटाला गेली, म्हून सगली पाचच बोलतात."

उत्तर बरोबर होतं. पण सरांना माझं 'सगल्यांनी' सापडलं होतं.

"वा! जंगलातून थेट प्रोग्रामिंग! लूप आहे ना? मग पाच वेळा चालव."

चार वेळा म्हटलं मी. सगळ्यात मोठ्यानं हसत होती माझी शेजारीण. आमच्याच पाड्यातली, माझ्याच एसटीनं येणारी. तिचं थोबाड फोडावंसं वाटलं. मग आठवलं. आठवड्यापूर्वी टोकावड्याच्या एका मुलीला सरांनी असंच उभं केलं होतं, तेव्हा मीही हसले होते. पोट धरून. सरांना बरं वाटावं म्हणून. मला माझीच किळस आली.

"एक वेळ राहिली," सर म्हणाले.

"नाय म्हणनार."

मी सरळ कीबोर्डपाशी गेले. वेगळं फंक्शन लिहिलं. लूपमधला आकडा दर फेरीला त्याला पॅरामीटर म्हणून दिला. आता प्रत्येक बटणाची खूण वेगळी, ज्याचा आकडा त्याच्यापाशी. बटणं दाबली. एक. दोन. तीन. चार. पाच. कुणी हसलं नाही.

"तुक्का लागला. बस जागेवर."

तोंडी परीक्षेत त्यांनी मला नापास केलं. शेरा मारला, बोलणं अशुद्ध.

यंदा तोच विषय, तीच लॅब, तेच सर. पहिल्याच दिवशी मुरबाडकडची एक नवी मुलगी काहीतरी बोलली आणि सरांचे डोळे चमकले.

"काय म्हणालीस? पुढे ये. सगळ्यांना ऐकव."

ती उठली. मी तिच्या आधी पुढे जाऊन उभी राहिले.

"ती येनार नाय, सर."

"तू बाहेर हो!"

"मी पन जानार नाय."

पुन्हा नापास करतील. करू देत. मी पुन्हा याच वर्गात नाव घालीन. हे इथं शिकवत आहेत तोवर, यांनी जिला हसं करायला उभं केलं, तिच्यापुढे मी उभी असेन.